नळी शेवटची दोन-तीन बोटं राहून जाते. नायट्रोजन भरला की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. तोफेतून गोळा सुटला, नळी मागे गेली, परतही आली, पण अगदी शेवटची दोन-तीन बोटं पुढे यायची राहून गेली. कोणीतरी सिलिंडर ओढत आणला, नायट्रोजन भरला, पुढची फायरिंग सुरळीत पार पडली. काही आठवड्यांनी पुन्हा तीच रड. लॉगबुक उघडलं तर 'नायट्रोजन भरला, तोफ ठीक' ही ओळ एकाखाली एक, वेगवेगळ्या अक्षरांत.

त्या ओळीतून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. भरण्याआधी दाब किती होता, त्या वेळी हवा किती तापलेली होती, रिझर्व्ह म्हणजे राखीव तेल किती होतं, यातलं काही तिच्यात नाही. वर दाब वाढवल्यामुळे मूळ दोषाचा माग पुसला गेला तो वेगळाच. नळी जागेवर न येण्याची निदान पाच-सहा कारणं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांवर जास्तीचा नायट्रोजन तात्पुरता चालतो. म्हणूनच तो इतका लोकप्रिय आहे आणि म्हणूनच दोष परत येतो.

आत काय चाललेलं असतं

हायड्रोन्यूमॅटिक रिकॉइलची, म्हणजे तेल आणि दाबलेला गॅस वापरून नळीचा मागचा धक्का झेलण्याची, मूळ कल्पना १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेपासून फारशी बदललेली नाही. त्याआधी गोळा सुटला की अख्खी तोफ उसळून मागे जायची आणि दर वेळी पुन्हा नेम धरावा लागायचा. या तोफेत फक्त नळी मागे सरकायची, गाडा जागच्या जागी. त्यामुळे मिनिटाला पंधरा गोळ्यांपर्यंत मजल गेली.

यंत्रणेची कामं तीन. ब्रेक सिलिंडरमध्ये पिस्टन तेलाला बारीक वाटांतून ढकलतो आणि धक्क्याची बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतो. रिक्युपरेटरमध्ये नायट्रोजन दाबला जातो आणि नळी थांबली की तोच तिला परत पुढे ढकलतो. शेवटच्या टप्प्यात बफर तिचा वेग मारतो, नाहीतर ती पुढे आपटेल. दाराला लावलेला डोअर क्लोजर डोळ्यांसमोर आणा: ढकलणारी शक्ती एकीकडे, आवरणारं तेल दुसरीकडे, आणि दार चौकटीत नीट बसायला दोन्हींचा तोल हवा.

आपल्या तक्रारीत महत्त्वाचा भाग म्हणजे फ्लोटिंग पिस्टन. पुष्कळ रचनांमध्ये नायट्रोजन आणि तेल यांच्यामध्ये हा मोकळा पिस्टन असतो. गॅस त्याला ढकलतो, तो तेलाला ढकलतो, तेल नळीला पुढे आणतं. नळी पूर्ण जागेवर असतानाही त्याच्यापुढे थोडं तेल शिल्लक राहिलं पाहिजे. हेच रिझर्व्ह तेल. ते संपलं की फ्लोटिंग पिस्टन नळीच्या आधीच आपल्या टोकाला जाऊन टेकतो. मागे नायट्रोजनचा दाब भरपूर असला तरी तेलापर्यंत तो पोचत नाही. नळीला शेवटच्या टप्प्यात ढकलणारं कोणी उरत नाही आणि ती जेवढ्या वेगात आली असेल तेवढ्या वेगावर घसरत जाऊन थांबते.

किती तेल गेलं की किती फरक पडतो? समजा रिक्युपरेटरच्या पिस्टनचं परिणामी क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर आहे. रिझर्व्ह शून्यावर आल्यानंतर आणखी १२० मिलिलिटर तेल गेलं तर नळीचे शेवटचे ३ सेंटिमीटर निराधार झाले. १२० मिलिलिटर म्हणजे चहाच्या एका कपाएवढंही नाही. आता यावर नायट्रोजन वाढवला तर काय होतं ते बघा: नळी आधीच्या टप्प्यात जास्त वेग घेते आणि त्या जोरावर उरलेलं अंतर कापते. तोफ 'ठीक'. तेल मात्र गळतच आहे. आणखी थोडं गेलं की तो वेगही पुरत नाही.

हात लावण्याआधी

नळी मागे अडकलेली असेल तर पहिलं काम मोजमाप नाही, माणसं बाजूला करणं. नायट्रोजन दाबलेला आहे, घर्षणाने किंवा कशाने तरी ती रोखून धरलेली आहे, आणि कुठल्याही क्षणी सुटून पुढे जाऊ शकते. मागच्या आणि पुढच्या मार्गात कोणी उभं राहायचं नाही, सरकणाऱ्या भागांमध्ये बोटं घालायची नाहीत, पहार लावून ढकलायचं तर मुळीच नाही. नळी जागेवर आल्याशिवाय पुढचा गोळा भरायचा नाही. नळी रिकामी आहे याची खात्री करून हँडव्हीलने हळूहळू खाली आणली तर वजनाचा विरोध कमी होतो आणि कित्येकदा ती आपोआप जागेवर जाते. ती नेमकी किती कोनावर सरकली तो आकडा लिहून ठेवा, निदानाला उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट, नळी आणि यंत्रणा जोडणारा रिकॉइल रॉड सोडवायची वेळ आली तर नळी उंच कोनावर असताना कधीही नाही. रॉड सुटला की नळीला क्रेडलवर, म्हणजे तिला पेलणाऱ्या आधारावर, धरून ठेवणारं काही उरत नाही आणि शेकडो किलोंचं लोखंड मागे घसरत येतं. दाब असताना कुठलाही प्लग किंवा ग्लँड नट (रॉडभोवतीची पॅकिंग आवळणारा नट) ढिला करणं याच यादीत.

आणि सिलिंडर नायट्रोजनचाच आहे ना, हे लेबल वाचून आणि खात्री करून. तेलाशेजारी दाबाखाली ऑक्सिजन गेला तर स्फोट होतो. साधी दाबलेली हवाही नको: तिच्यात ऑक्सिजन आहे आणि वर ओलावा, म्हणजे आतून गंज. कोरडा नायट्रोजन वापरायचं कारण हेच की तो कशाच्याच वाटेला जात नाही.

नळी केव्हा थांबते, ते आधी सांगा

तोफ उघडण्याआधी तुकडीला चार प्रश्न विचारले तर अर्धं निदान तिथेच होतं. लोक साधारण 'कधीकधी अडकते' एवढंच सांगतात, त्यामुळे खोदून विचारावं लागतं.

थंड तोफेवर पहिल्या एक-दोन गोळ्यांना अडकते आणि नंतर सुधारते? मग तेल घट्ट झालेलं आहे, किंवा नळी जिच्यावर सरकते त्या स्लाइडवर जुनं ग्रीस वाळून चिकट झालंय, किंवा थंडीमुळे नायट्रोजनचा दाब उतरलाय. रात्रीच्या गारठ्यानंतर पहाटे आलेली तक्रार बहुधा याच घरातली.

याच्या बरोबर उलट, सुरुवात छान आणि तोफ तापल्यावर नळी मागे राहू लागते? इथे संशय ब्रेकच्या तेलावर घ्या. तेल तापलं की फुगतं. १० लिटर तेल ४० अंशांनी तापलं तर पाव लिटरहून जास्त, साधारण २८० मिलिलिटर वाढतं. ही वाढ सामावून घ्यायला रिप्लेनिशर असतो. तो आधीच काठोकाठ भरलेला असेल, त्याची वाट बुजलेली असेल किंवा त्याचा पिस्टन अडकलेला असेल, तर फुगलेल्या तेलाला जागाच नसते आणि ते नळीला पूर्ण पुढे येऊ देत नाही. ही बिघाडाची अशी जात आहे की तेल कमी असल्यामुळे नाही, जास्त असल्यामुळे नळी अडते. अशा तोफेत 'नळी येत नाही' म्हणून वर आणखी तेल भरणारे पाहिले की कपाळावर हात मारावासा वाटतो.

तापण्याचा वेगही कमी समजू नका. समजा मागे सरकणारं वजन १,५०० किलो आणि त्याचा वेग सेकंदाला १० मीटर. एका गोळ्यामागे ७५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. १५ लिटर तेल असेल आणि सगळी उष्णता त्यातच राहिली तर दर गोळ्याला जवळजवळ ३ अंश. प्रत्यक्षात सिलिंडरचं लोखंड बरीचशी शोषून घेतं, तरी वेगाने दहा-बारा गोळे टाकल्यावर तेल हाताला चटका लावण्याइतकं गरम का होतं ते यावरून कळेल.

तिसरा प्रश्न कोनाचा. फक्त उंच कोनावरच अडकते का? १,५०० किलोंची नळी ६० अंशांवर असेल तर नुसत्या वजनापोटीच रिक्युपरेटरला सुमारे १,३०० किलोंचा जोर लावावा लागतो. शून्य अंशावर हा आकडा शून्य. म्हणजे जोर कमी पडत असेल तर तो आधी उंच कोनावर दिसणार. तिथे अडकते आणि खाली बरोबर येते, तर दाब कमी किंवा घर्षण जास्त, दोन्हींपैकी एक. शून्य अंशावरही अडकत असेल तर नुसत्या कमी दाबाने ते होणं अवघड आहे. रिझर्व्ह तेल संपलेलं आहे किंवा काहीतरी यांत्रिक अडथळा आहे.

चौथा प्रश्न: दर वेळी त्याच जागी थांबते का? अगदी त्याच खुणेवर थांबणं म्हणजे तिथे काहीतरी आहे. स्लाइडवर बर (धातूची टोकदार कड) निघालाय, रॉड वाकलाय, किंवा फ्लोटिंग पिस्टन टेकण्याची जागा ती. कधी दोन बोटं, कधी चार, कधी एक, असं असेल तर घाण, कोरडी स्लाइड, किंवा तेलात मिसळलेला गॅस.

तीन आकडे एकत्र घ्या, सुटे नकोत

रिझर्व्ह तेलाची पातळी, नायट्रोजनचा दाब आणि रिकॉइलची लांबी, म्हणजे नळी किती मागे जाते ते. तिन्ही एकाच वेळी घ्या आणि सोबत तापमान व कोन लिहा. यातला एकेक आकडा सुटा घेतला तर तो फसवतो.

दाबाचंच उदाहरण घ्या. २० अंश तापमानाला ७० बार भरलेला नायट्रोजन, एकही कण न गळता, ४५ अंशांना ७६ बार दाखवेल आणि शून्य अंशाला ६५. दुपारी उन्हात उभ्या तोफेवर '७० आहे, बरोबर आहे' म्हणणारा माणूस खरं तर पाचेक बार कमी असलेली तोफ पास करतोय. पहाटे '६५ आहे, कमी आहे' म्हणून भरणारा उलट चूक करतोय, आणि दुपारी त्याच तोफेची नळी पुढे येऊन दणकन आपटते. मॅन्युअलमध्ये तापमानानुसार दाबाचा तक्ता असतो. तो बघूनच बोलावं. फायरिंगनंतर लगेच मोजू नये. आतला गॅस आणि बाहेरची हवा एका तापमानाला यायला काही तास जातात.

आता जोड्या लावा. मधल्या काळात कोणी काही भरलेलं नाही असं गृहीत धरून:

रिझर्व्ह कमी, दाबही कमी: तेल बाहेर गेलंय. तेलाने सोडलेली जागा गॅसने घेतली, तो पसरला, दाब उतरला. अशा वेळी नायट्रोजन भरायचा नाही. तेल मापात भरा, दाब आपोआप वर येईल, आणि मग गळती शोधा.

रिझर्व्ह कमी, पण दाब बरोबर: तेल बाहेर गेलेलंच नाही. ते फ्लोटिंग पिस्टनच्या सीलमधून गॅसच्या बाजूला गेलंय. एकूण जागा तेवढीच, म्हणून गेज शांत. हा प्रकार सगळ्यात चकवणारा, कारण तोफेखाली तेलाचा थेंबही दिसत नाही. खूण अशी की दाब तपासताना नायट्रोजनच्या व्हॉल्व्हमधून तेलाचे तुषार येतात. पांढरा कागद समोर धरा, ठिपके उमटतात.

रिझर्व्ह बरोबर, दाब कमी: गॅस गळतोय. चार्जिंग व्हॉल्व्हच्या तोंडावर आणि प्लगच्या आट्यांवर साबणाचं पाणी लावून थोडा वेळ थांबा. मोठे बुडबुडे लगेच दिसतात. बारीक गळतीत मुंगीच्या डोक्याएवढा फेस सावकाश जमतो, म्हणून घाई नको. व्हॉल्व्हचं टोपण हरवलेली तोफ असेल तर गळती तिथेच असण्याची शक्यता भरपूर.

रिझर्व्ह जास्त दाखवतंय, दाब कमी, आणि ब्लीड केल्यावर (थोडं तेल बाहेर सोडल्यावर) तेल फेसाळ येतं: गॅस तेलात शिरलाय. अशा तोफेची रिकॉइल लांबीही दर गोळ्याला बदलते, कारण पिस्टनला आधी फेस दाबावा लागतो आणि मग तेल भेटतं.

ही सगळी मांडणी मधल्या काळात कोणी न नोंदवता गॅस भरला की कोसळते. पहिल्या प्रकारच्या तोफेत कोणी 'थोडासा' नायट्रोजन सोडला की ती दुसऱ्या प्रकारची वाटायला लागते. मग वर्कशॉप चांगलं असलेलं फ्लोटिंग पिस्टनचं सील उघडून बसतं आणि रॉडची गळणारी पॅकिंग तशीच राहते. भरलेल्या गॅसची नोंद न ठेवणं हा माझ्या मते गळतीपेक्षा मोठा दोष आहे.

रिकॉइलची लांबी मोजायला बहुतेक तोफांवर सरकता काटा किंवा पट्टी असते. नसेल तर स्लाइडवर ग्रीसचा पातळ पट्टा ओढा. नळी जिथवर गेली तिथवर तो पुसला जातो. काठ साधारण दोन छटांमध्ये दिसतो: पूर्ण पुसलेला भाग आणि त्यापुढे पातळ, ओढल्यासारखा भाग. मोजायचं ते पूर्ण पुसलेल्या भागाच्या टोकापर्यंत. लांबी जास्त येत असेल तर ब्रेकमध्ये तेल कमी, तेलात हवा, तेल पातळ किंवा आतल्या वाटा झिजलेल्या. कमी येत असेल तर तेल घट्ट किंवा घर्षण जास्त. काही तोफांत कोन वाढला की रिकॉइल मुद्दाम आखूड केलेली असते, नाहीतर ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं टोक, जमिनीला लागेल. म्हणून कोन न लिहिता लिहिलेली लांबी बिनकामाची.

घर्षण किती, हे डोळ्यांनी कळत नाही

तेल बरोबर, दाब बरोबर, तरी उंच कोनावर नळी अडकते. इथे अंदाजावर काम चालत नाही, ओढ-चाचणी लागते. ही वर्कशॉपची गोष्ट आहे, त्यासाठी पुरेशा ताकदीची विंच, साखळ्या आणि मध्ये जोडलेला, जोर मोजणारा लोडसेल किंवा डायनॅमोमीटर हवा.

शून्य अंशावर नळी अगदी सावकाश मागे ओढायची आणि आकडा वाचायचा. मग तितक्याच सावकाश सोडत पुढे येऊ द्यायची आणि त्याच खुणेवर पुन्हा वाचायचा. ओढताना रिक्युपरेटरचा जोर आणि घर्षण मिळून विरोध करतात. सोडताना घर्षण तुमच्या बाजूने असतं. दोन आकड्यांतल्या फरकाचा निम्मा म्हणजे घर्षण, दोन्हींची सरासरी म्हणजे रिक्युपरेटरचा जोर. समजा ओढताना २,६०० किलो आणि सोडताना २,०००. घर्षण ३००, जोर २,३००. ६० अंशांवर वजनाला १,३०० गेले, घर्षणाला ३००, हातात ७०० उरले. तोफ सुदृढ. आता हीच तोफ ओढताना ३,३०० आणि सोडताना १,३०० दाखवू लागली तर जोर तोच २,३००, पण घर्षण १,०००. ६० अंशांवर शिल्लक शून्य. या तोफेला नायट्रोजन कमी पडत नाहीये, तिला स्वच्छता हवी आहे. सावकाश म्हणजे खरंच सावकाश. भराभर ओढली तर ब्रेकच्या तेलाचा विरोधही आकड्यात मिसळतो आणि हिशेब बिघडतो.

घर्षण वाढायचं कारण नव्वद टक्के वेळा स्लाइडवर सापडतं असं मी म्हणणार होतो, पण टक्केवारी कोणी मोजलेली नाही, तेव्हा 'बहुतेकदा' म्हणू. धूळ बसलेल्या स्लाइडवर वरून ग्रीस थापलं की तयार होते ती घासायची पेस्ट. जुनं ग्रीस आधी पूर्ण काढा, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, मग नवं. निपलमधून ग्रीस भरताना दुसऱ्या बाजूने जुनं काळं आणि मागोमाग नवं स्वच्छ बाहेर येईपर्यंत पंप चालू ठेवा. एखाद्या निपलमधून काहीच बाहेर येत नसेल तर वाट बुजलेली आहे. 'भरलं' म्हणून पुढच्या निपलकडे जाऊ नका. पितळी किंवा ब्राँझच्या पट्ट्यांवर एका बाजूला चकाकी आणि दुसरीकडे जुना रंग दिसला तर नळी तिरकी घासतेय, आणि मग तो तुमच्या ग्रीसचा प्रश्न राहिला नाही.

पॅकिंग जास्त आवळणं हे दुसरं कारण. ग्लँडमधून तेल झिरपतंय म्हणून कोणी नट एक फेरा जास्त फिरवतो. गळती थांबते, रॉडवरची पकड वाढते, नळी परतताना अडते, मग नायट्रोजन वाढवला जातो, वाढलेल्या दाबाने पॅकिंग लवकर जाते. असं चक्र फिरत राहतं.

रॉड आणि सील

रॉडवर तेलाचा पातळ थर असणं ही गळती नव्हे. तो थर नसेल तर सील कोरडं घासेल. बोट फिरवलं तर ओलसर लागावं, थेंब ओघळू नये. शंका असेल तर रॉड पुसून, पांढरा कागद गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर नुसती चिकट छटा असेल तर सोडून द्या. खाली डाग पसरलेला असेल तर नोंद करा.

ओरखड्यासाठी नख वापरा. रॉडवर आडवं, म्हणजे गोलाईच्या दिशेने, नख फिरवायचं. लांबीच्या दिशेने गेलेला उभा ओरखडा डोळ्यांना दिसतही नाही, पण नख त्यात टचकन अडकतं. गळतीला सगळ्यात जास्त हातभार हाच लावतो, कारण सीलच्या खालून तेलाला सरळ वाट मिळते. वर्तुळात गेलेली रेघ त्या मानाने निरुपद्रवी. ओरखडा सापडला म्हणून सँडपेपर काढू नका. वरचा कठीण मुलामा गेला की गंज सुरू होतो आणि नवं घातलेलं सीलही काही दिवसांत कापलं जातं. रंगकाम करताना रॉडवर उडालेले शिंतोडे, चिकटपट्टीचा उरलेला गोंद, हेही सीलला तितकेच मारक.

तेल

तेलाच्या बाबतीत एकच हट्ट धरा: प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच, दुसरं 'तसलंच' नाही. काही तोफांच्या यंत्रणा खनिज हायड्रॉलिक तेलावर चालतात. सोव्हिएत घराण्यातल्या बऱ्याच तोफांमध्ये ग्लिसरिन, पाणी आणि अल्कोहोलवर आधारलेला स्टेओल हा द्रव वापरला जात आला. दोन्ही आपापल्या जागी उत्तम, पण एकमेकांत मिसळत नाहीत आणि सील्सही वेगवेगळी मागतात. एका प्रकारासाठी बनवलेलं रबर दुसऱ्यात फुगू शकतं, मऊ पडू शकतं. गाडीच्या ब्रेकचं तेल खनिज तेलाच्या यंत्रणेत घातलं तर तोच अनर्थ. फुगलेलं सील रॉड आवळतं आणि परत नळी अडते, म्हणजे पुन्हा मूळ तक्रार.

काढलेलं तेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन उजेडात बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, किंवा फेस आहे. थोडा वेळ ठेवल्यावर वरून निवळत गेलं तर फेस होता; तसंच राहिलं किंवा तळाशी पाणी जमलं तर पाणी. खनिज तेलात पाण्याचा संशय असेल तर एक-दोन थेंब गरम पत्र्यावर टाका, चष्मा घालून: पाणी असेल तर तडतडतं. तळाशी सोनेरी चकाकी म्हणजे ब्राँझ झिजतंय, करड्या चुंबकी कणांचा गाळ म्हणजे पोलाद. काळे मऊ कण म्हणजे रबर, आणि ते सापडल्यावर सील कुठलं गेलं एवढंच शोधायचं उरतं. बाहेर काढलेलं तेल कितीही स्वच्छ दिसलं तरी परत भरायचं नाही.

भरताना

क्रम असा: आधी तेल, मग गॅस. तेल भरताना हवा अडकू नये म्हणून मॅन्युअलने सांगितलेल्या कोनावर नळी ठेवा आणि ब्लीड प्लगमधून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. पंप, होज, फनेल स्वच्छ हवेत. ग्रीसने माखलेला पंप वापरून शुद्ध तेल भरण्याला अर्थ नाही. राखीव तेलाची पातळी दाखवणारी रिझर्व्ह पिन खुणेवर आली की थांबा. 'थोडं जास्त असू दे' हा उदारपणा तापलेल्या तोफेवर महाग पडतो.

नायट्रोजन रेग्युलेटर लावून, हळूहळू. सिलिंडरमध्ये १५० ते २०० बार असू शकतात, तोफेला लागतात त्याच्या कितीतरी कमी. भराभर भरला तर गॅस तापतो आणि गेज खोटा वरचा आकडा दाखवतं. निवल्यावर दाब उतरतो आणि लोक गळती समजतात. म्हणून भरा, थांबा, पुन्हा वाचा. हेही लक्षात असू द्या की दर वेळी गेज जोडलं की होजमध्ये शिरलेला थोडा गॅस वाया जातो. रोज दाब तपासणारी अतिउत्साही तुकडी स्वतःच दाब कमी करत असते. गेजची तपासणी वेळेवर झालेली नसेल तर वरचे सगळे आकडे सोडून द्या.

उभी राहिलेली तोफ

महिनोन्महिने न चाललेल्या तोफेची सील्स एका जागी दबून बसतात, रॉडवरचा तेलाचा थर उतरून जातो, आत ओलावा असेल तर नेमक्या उघड्या पडलेल्या जागी गंज धरतो. म्हणून ठरलेल्या मुदतीने रिकॉइलला व्यायाम द्यावा लागतो: विंचने ओढून, किंवा जिम्नॅस्टिकेटर नावाच्या यंत्रावर, जे न डागता नळी मागे-पुढे करतं. मुदत प्रत्येक तोफेच्या मॅन्युअलमध्ये असते. दीर्घ विश्रांतीनंतर पहिल्या हालचालींना थोडं तेल झिरपणं आणि मग थांबणं चालतं. थांबलं नाही तर सील गेलं.

दुरुस्तीनंतरचा पहिला गोळा आणि पुढे

पहिला गोळा कमी कोनावर, मॅन्युअल परवानगी देईल त्या कमीत कमी चार्जवर (गोळा फेकणाऱ्या दारूच्या मापावर), माणसं लांब. लांबी मोजा, नळी कशी येते ते पाहा: शेवटच्या वीतभर अंतरात वेग मंदावून ती शांतपणे बसली पाहिजे. मधेच रेंगाळली, झटके घेत आली किंवा धाडकन बसली, तर पुढे जाऊ नका. मग थोडा वरचा कोन, पुन्हा मोजमाप. तोफ तापेपर्यंत चाचणी न्या, कारण रिप्लेनिशरचा दोष थंड तोफेवर कधीच उघडा पडत नाही. अर्ध्यावर सोडलेली चाचणी ही तक्रार परत येण्याचं एक मोठं कारण आहे.

फ्लोटिंग पिस्टनचं सील, वाकलेला रॉड, झिजलेल्या वाटा, पट्ट्यांची तिरकी झीज: यांपैकी काहीही निघालं तर तोफेजवळ उघडायचं नाही, वर्कशॉपला पाठवायचं. पाठवताना तिन्ही आकडे, तापमान, कोन, मधल्या काळात भरलेलं तेल मिलिलिटरमध्ये आणि गॅस बारमध्ये, आणि काढलेल्या तेलाची सीलबंद बाटली सोबत द्या. बाटलीवर तारीख आणि ते तेल ब्रेकमधलं की रिक्युपरेटरमधलं, हे लिहिलेलं असू द्या. नाहीतर तिकडचा फिटर पहिला फोन तेच विचारायला करतो.